शॉकअप नवे, नाक वर, तरी दणके तेच

प्रश्न : नमस्कार. माझ्याकडे डबल कॅब, फोर बाय फोर पिकअप आहे. सेकंडहँड घेतली तेव्हा १,४०,००० किलोमीटर झाले होते, आता १,७०,००० झालेत. आधीच्या मालकाने पुढे जाड लोखंडी बंपर बसवलाय. घेतल्यापासूनच गाडीचं नाक खाली होतं, ड्रायव्हरच्या बाजूला जरा जास्तच, आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत जायचा. मेकॅनिकने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. सात-आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मग त्याने टॉर्शन बारचे बोल्ट पिळून गाडी पुढून दोन इंच उचलली. दिसायला आता झकास दिसते, पण दणके पहिल्यापेक्षा वाईट. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘टक्’ असा लोखंडी आवाज येतो. पुढच्या टायरांची आतली कड आधीच खाल्ली गेली होती, आता स्टिअरिंगही सरळ राहत नाही. रात्री समोरचे सारखे डिपर मारतात. मेकॅनिक म्हणतो, जाड टॉर्शन बार टाकू. घरच्यांनी मागच्या सीटवर बसायचंच सोडलंय. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी एक आकडा शोधत होतो आणि नेमका तोच सापडला नाही. गाडी पुढून किती बसली होती? शॉकअप बदलताना कुणी मोजलं नाही, बार पिळतानाही नाही. ‘दोन इंच उचलली’ हासुद्धा नजरेचा अंदाज असणार. म्हणून पहिली विनंती ही, की जाड बार आत्ता घेऊ नका. टेप घ्या.

आधी शॉकअपचं सांगतो, कारण या एका गैरसमजापायी फार जणांचा खर्च वाया जातो. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलते स्प्रिंग, आणि तुमच्या गाडीत स्प्रिंगचं काम टॉर्शन बार करतो, म्हणजे भार आला की पिळला जाणारा पोलादी दांडा. स्प्रिंग एकदा दबली की वरखाली झुलत राहते, ते झुलणं थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. गॅसचा शॉकअप गाडी किंचित उचलतो, पण ती उचल सहसा मोजायलाही पुरत नाही. म्हणजे नाक बसलंय म्हणून शॉकअप बदलणं हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालं. आठवडाभर बरं वाटलं ते खोटं नव्हतं. जुने शॉकअप मेलेले असतील तर नव्यांनी गाडीचा झुला थांबवला असेल. दणके मात्र वेगळ्याच जागेहून येत होते, ते तसेच राहिले.

ती जागा ओळखायची तर चाकाला वरखाली जायला किती वाव आहे ते पाहावं लागतं. चाक वर जाता जाता शेवटी बंप रबरला टेकतं आणि खाली लोंबता लोंबता रिबाउंड रबरला. या दोन रबरांच्या मधे कुठेतरी गाडी उभी राहते. ती जागा कंपनीने विचार करून ठरवलेली असते : वर जायला जास्त वाव, खाली जायला कमी, पण पुरेसा. नाक बसलं की वरचा वाव संपतो. मग छोट्याशा उंचवट्यालाही चाक चेसीला जोडणारा आर्म बंप रबरवर आदळतो आणि चाकाखालचा दणका जसाच्या तसा चेसीत जातो. तुमची गाडी आधी अशी होती. बार पिळून ती वर चढवली तेव्हा खालचा वाव संपला. आता चाक खड्ड्यात उतरायला गेलं की अप्पर आर्म रिबाउंड रबरवर जाऊन थडकतो, आणि तो रबर झिजला असेल किंवा नसेलच तर लोखंडावर लोखंड. स्पीडब्रेकरवरून उतरताना येणारा तुमचा ‘टक्’ बहुधा हाच. सीटवर बसलेल्याला दोन्ही वेळा गाडी ‘हार्ड’ वाटते. शब्द एक, दुखणी दोन, आणि दुसरं आपल्याच हाताने ओढवलेलं.

बार पिळल्याने गाडी कडक होते असं गॅरेजमध्ये सर्रास बोललं जातं. तसं होत नाही. बारचा ताठरपणा त्याच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो, मागच्या टोकाच्या बोल्टवर नाही. बोल्ट आवळला की फक्त बार ज्या अँकर आर्ममध्ये बसतो तो फिरतो आणि गाडी उभी राहण्याची जागा वर सरकते. बारमधला पीळ गाडीच्या वजनाएवढाच राहतो, कारण वजन वाढलेलं नाही. तुम्हाला जाणवतो तो कडकपणा संपलेल्या वावाचा आहे. जाड बारचं उलट : तो खरोखरच कडक असतो, आणि वाटतो त्याहून फार जास्त. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बार १० टक्के जाड घेतला तर ताठरपणा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढतो. मागच्या सीटवर बसायला नको म्हणणाऱ्या घरच्यांना हे परवडणारं नाही.

आता मोजणी. सपाट फरशीवर गाडी लावा. चारही टायरांत हवा बरोबर करून घ्या, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या, टायरच्या कडेवर छापलेला नव्हे. कडेवरचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. पिकअपचे टायर मुळातच जाड भिंतीचे, त्यात तो कमाल आकडा भरला की रिकामी गाडी दगडासारखी चालते. काही वेळा सगळं दुखणं एवढंच निघतं. तुमचं तसं नाही, पण चुकीच्या हवेवर घेतलेलं पुढचं सगळं निदान चुकेल.

नेहमीचं सामान गाडीत असू द्या. पुढचा बंपर धरून गाडी दोन-तीन वेळा दाबून सोडा, म्हणजे सांधे आपापल्या जागी बसतील. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यातली पद्धत आणखी चांगली. बऱ्याच टॉर्शन बारच्या गाड्यांत लोअर आर्मच्या चेसीकडच्या बोल्टची आणि चाकाकडच्या टोकाची, म्हणजे जिथे बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) असतो तिथली, जमिनीपासूनची उंची घेऊन त्यांतला फरक काढतात. मडगार्ड कधी ठोकून बसवलेलं असतं, कधी बदललेलं. आर्मच्या कोनाला मात्र फसवता येत नाही.

यानंतर खालचा वाव मोजायचा. मागच्या चाकांना पुढून-मागून ओट (चाक घरंगळू न देणारे ठोकळे) लावा, चेसीखाली जॅक लावून पुढचं एक चाक जमिनीवरून सुटेल इतकीच गाडी उचला आणि चेसी लगेच स्टँडवर टेकवा. चाक लोंबत असताना तेच माप पुन्हा घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे तुमच्या चाकाला खाली जायला उरलेली जागा. एकूण प्रवासाचा साधारण एक तृतीयांश भाग खाली जायला उरावा असा ढोबळ हिशेब असतो. तुमच्या गाडीत हा फरक १५-२० मिलिमीटरच निघाला तर मेकॅनिकने गाडी कुठवर चढवलीय ते तुम्हाला कागदावर दिसेल आणि त्यालाही दाखवता येईल.

एवढ्यावर खात्री पटत नसेल तर एक जुनी युक्ती आहे, ती मला सगळ्यांत आवडते. बंप रबर आणि रिबाउंड रबर फडक्याने पुसून त्यांच्या तोंडाला खडू घासा. नेहमीच्या वाटेने नेहमीच्या वेगाने चार-पाच किलोमीटर चालवून या आणि टॉर्च घेऊन गाडीखाली वाका. आर्म जिथे थडकला असेल तिथला खडू पुसलेला दिसेल. मी एकदा माझ्याच गाडीखाली असा पडलो होतो तेव्हा खडूची गरजच उरली नव्हती. सगळीकडे चिखल आणि धूळ, पण एका बाजूच्या बंप रबरचं तोंड बुटाला पॉलिश केल्यासारखं काळंभोर चकचकीत, आणि समोर आर्मवर रुपयाच्या नाण्याएवढा रंग उडालेला. दुसऱ्या बाजूच्या रबरवर धूळ जशीच्या तशी होती. तोवर मी दोन महिने शॉकअपला दोष देत होतो.

तुमची गाडी ड्रायव्हरच्या बाजूला जास्त बसते, हा धागा सोडू नका. पुढचा कोपरा खाली दिसतो म्हणजे खोट पुढेच असेल असं नाही. मागचे पाटे, म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगा, एका बाजूला थकले असतील, एखादं पान तुटलं असेल तर सगळी बॉडी कलते आणि पुढेही तो कल दिसतो. हे वेगळं करायला पुढच्या चाकांना दोन्हीकडून घट्ट ओट लावा, कारण मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग नाही. मग मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्यावर, डिफरन्शियलखाली जॅक लावून मागची दोन्ही चाकं जेमतेम जमिनीवरून सोडवा. गाडीखाली कुणी जायचं नाही, हात घालायचा नाही. फक्त उभं राहून पुढची दोन मापं घ्यायची. आता मागची बाजू एकाच बिंदूवर टेकलेली आहे, ती बॉडीला कलवू शकत नाही. पुढचा फरक गेला तर चोर मागच्या पाट्यांत आहे. फरक राहिला तर पुढे. मागच्या पाट्याचं दुखणं पुढचा एकच बार पिळून झाकणारे मी पाहिलेत. त्याने उभी गाडी सरळ दिसते, पण चार चाकांवरचं वजन तिरकं वाटलं जातं आणि ब्रेक दाबला की गाडी ओढ घेते.

चोर पुढेच निघाला तर बारकडे वळू. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टिंग बोल्ट किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण पोलादाच्या बारचा पीळ वर्षानुवर्षांच्या भाराने थोडा थोडा सैलावतो. तो थोडा आवळून घेणं यात गैर काही नाही, कंपनीने बोल्ट त्यासाठीच दिलाय. प्रश्न किती आवळायचा याचा आहे, आणि त्याचं उत्तर मॅन्युअलमधल्या उंचीत आहे, दिसण्यात नाही. मॅन्युअल नसेल तर गाडी खाली उतरवत उतरवत अशा जागी आणा, की खालचा वाव पुरेसा मिळेल आणि बंप रबर नेहमीच्या रस्त्यावर खडू पुसणार नाही.

हे काम करताना आधी गाडी पुढून उचलून चाकं लोंबती करा, म्हणजे बोल्टवरचा भार उतरेल. भार असताना गंजलेला बोल्ट फिरवला तर आटे चिरडतात. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. दोन्हीकडे सारखे फेरे द्यायचा हट्ट नको, सारखी उंची आणा. एका बाजूला फिरवलं की दुसऱ्या बाजूचं मापही थोडं हलतं, म्हणून थोडं थोडं करा. दर वेळी गाडी खाली घेऊन शंभर-दोनशे मीटर चालवून मग मोजा. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या चाकं आत ओढलेली असतात आणि माप खोटं येतं. बोल्ट पूर्ण काढायची वेळ आली तर ते घरी करू नका. पिळलेल्या बारमध्ये साठलेला जोर योग्य पुलरशिवाय सुटला तर अँकर आर्म हाड मोडेल अशा जोराने फिरतो. आणि बारच्या अंगावर पाइप पाना लावू देऊ नका. एक खोल ओरखडा पुरतो, तिथून तडा सुरू होतो. डावा-उजवा बार एकमेकांच्या जागी चालत नाहीत, टोकाला खूण असते.

बोल्टचे आटे संपत आले आणि तरी उंची मिळत नसेल तर बार थकलाय किंवा वजन जास्त आहे. इथे तुमचा लोखंडी बंपर येतो. तो पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे टांगलेला असल्याने तरफेसारखं काम करतो. समजा जुन्या बंपरपेक्षा तो ६० किलोने जड आहे, अ‍ॅक्सलपासून ९० सेंटिमीटर पुढे आहे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे. मग पुढच्या चाकांवर ६० नव्हे, ७८ किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे १८ कमी होतात. मागची रिकामी पिकअप आधीच हलकी आणि उडणारी, ती आणखी हलकी होते. माझं मत विचाराल तर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची बंपरवरची चरखी) लागत नसेल तर तो बंपर उतरवा आणि मूळचा लावा. मागच्या सीटवरच्या लोकांना यापेक्षा मोठा आराम कुठल्याच महाग पार्टने मिळणार नाही. विंच खरंच हवी असेल तर मात्र त्या वजनासाठी बनवलेला टॉर्शन बार घ्यावा, दोन्हीकडे जोडीने, आणि त्याला जुळणारे शॉकअपसुद्धा.

आता बुशबद्दल. कुणी फारसं सांगत नाही, पण मला हे महत्त्वाचं वाटतं. आर्मच्या चेसीकडच्या टोकाला रबरी बुश असतात. बऱ्याच गाड्यांत त्यांचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा बुश सरकत नाही, रबर पिळलं जातं. म्हणजे बुश स्वतःच एक छोटी स्प्रिंग आहे. चाक लोंबत असताना त्याचे बोल्ट आवळले तर गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, प्रत्येक खड्ड्याला अडवतं आणि लवकर फाटतं. तुमच्या गाडीचे बोल्ट आधीच्या उंचीला घट्ट केलेले असतील आणि वर गाडी दोन इंच चढवलीय, म्हणजे रबर आत्ताही ओढलेलंच असणार. टॉर्च मारून पाहा : रबर नळीपासून सुटलंय का, एका बाजूला फुगून बाहेर आलंय का, आर्मचा मध्य सरकलाय का. फाटलं असेल तर बदला. धड असेल तर उंची ठरल्यावर चाकांवर पूर्ण वजन ठेवून आर्मचे बोल्ट ढिले करायचे, गाडी हलवून घ्यायची आणि त्याच उंचीला टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचे. काही गाड्यांत अलाइनमेंटचे कॅम याच बोल्टवर असतात, तेव्हा ढिलं करण्याआधी रंगाची खूण करा. नवे बुश बसवतानाही हाच नियम. मेकॅनिकला तो आधी सांगा, काम झाल्यावर सांगून उपयोग नाही.

बॉल जॉइंट मात्र या सगळ्याच्या आधी, उद्याच तपासा. उंच केलेल्या गाडीत त्यांचा कोन वाढतो, आणि झिजलेला लोअर बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं. बार लोअर आर्मला जोडलेला असेल तर जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा. चेसीखाली लावला तर जॉइंट ताणलेला राहतो आणि खेळ लपतो. चाक थोडं सोडवून त्याच्याखाली पहार घालून वर रेटा, आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटकडे बघायला सांगा. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त खेळ दिसला तर जॉइंट बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. तिथेच वाकलेले असाल तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट आणि ब्रेकचे होज ताणलेत का तेही बघा, आणि पूर्ण वळणावर चाकातून टकटक येते का ते ऐका.

नवे शॉकअप ठेवा, ते बिघडले असतील असं वाटत नाही. शंका असेल तर खराब रस्त्यावर दहा मिनिटं चालवून थांबल्यावर दोन्हींच्या अंगाला हात लावा, सायलेन्सर सांभाळून. काम करणारा शॉकअप कोमट होतो. एक कोमट आणि एक थंड लागला तर थंडवाला बसून खातोय.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, उंची आणि बुश झाल्यावर. बसलेल्या गाडीत पुढची चाकं बहुतेक वेळा वरून आत झुकतात, तुमच्या टायरांची आतली कड त्यानेच खाल्ली असावी. आता गाडी चढवल्यावर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) दोन्ही सरकलेत, म्हणून स्टिअरिंग सरळ राहत नाही. आत्ता अलाइनमेंट केली तर उंची बदलली की पुन्हा करावी लागेल.

आणि समोरचे डिपर मारतात ते बरोबरच मारतात. नाक वर गेलं तसे तुमचे हेडलाइटही वर गेलेत. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर लाइटचा झोत मात्र आजच खाली करून घ्या, स्क्रू हेडलाइटच्या मागेच असतो.